राक्षसाचं मूळ गाव

विमा विकणाऱ्याला अनोळखी माणूस परवडत नाही. पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो अनोळखी असतो, ते ठीक आहे, पण चहा येईपर्यंत त्याने तसं राहता कामा नये. "मूळ गाव कुठलं आपलं?" या एका प्रश्नावर मी निम्मं आयुष्य काढलं आहे. गाव कळलं की तालुका कळतो, तालुक्यात कोणाची तरी मावशी दिलेली असते, आणि चहा संपता संपता समोरचा माणूस मला "भाऊ" म्हणायला लागतो. ठाण्याला वर्तकनगरात आमच्या कॉलनीत कोणाला शाळेत प्रवेश हवा असो, लग्नाला हॉल हवा असो की इस्पितळात खाट, लोक आधी माझ्या दारात येतात. मी फोन काढतो, "आपलाच माणूस आहे," असं सांगतो आणि काम होतं. मला याचा अभिमान आहे. उगाच नम्रपणा कशाला करू?

आणि माझ्याच मुलीला सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकता येईना, तेव्हा माझ्या फोनमधल्या एकाही माणसाचा काही उपयोग झाला नाही.

हे मी तिला विचारूनच लिहितो आहे. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. एक दिवस भर दुपारी घरी आली, चपलांच्या स्टँडपाशी बॅग ठेवली आणि "बरं वाटत नाहीये" म्हणून झोपली. दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्यानंतर एकदा तयार होऊन माझ्याबरोबर खाली उतरली, पण गेटपाशी आल्यावर तिचा हात माझ्या हातात गार पडला. तिला श्वास घेता येईना. वॉचमनच्या केबिनच्या पायरीवर ती बसली ती अर्धा तास उठली नाही. घरात सगळं ठीक होतं. जेवायची, आईला भाजी निवडून द्यायची, कधी हसायचीसुद्धा. गेट दिसलं की मात्र पुन्हा तेच.

आम्ही विचारलं, कोणी काही बोललं का, कोणी त्रास दिला का. "नाही बाबा, काही झालं नाहीये," ती म्हणायची. "तेच तर कळत नाहीये ना." आम्हाला सगळ्यात जड गेलं ते हेच. कोणी काही केलं असतं तर मी त्याचं गाव शोधून काढलं असतं, त्याच्या काकाला गाठलं असतं. इथे गाठायचं कोणाला?

तरी मी गप्प बसलो नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी ओळखीच्या डॉक्टरीणबाई सुचवल्या. बाई भल्या होत्या, व्हिडिओवर तिच्याशी बोलायच्या, आणि मला एकच सांगायच्या, वेळ लागेल, तिला तिच्या गतीने जाऊ द्या. गती म्हणजे काय, हे मला कोणी नीट सांगेना. मग एकाच्या सांगण्यावरून बदलापूरहून दोरा आणला. एक योगवाले घरी आले, त्यांनी आम्हा तिघांना सतरंजीवर आडवं केलं आणि मी घोरायला लागलो. मुलीने हे सगळं मुकाट सहन केलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अशात तिची ज्युनियर कॉलेजची मैत्रीण रविवारी यायला लागली. डोंबिवलीजवळ कोपरला राहणारी, आवाज खणखणीत, पायऱ्या चढतानाच हाका मारणारी मुलगी. एका रविवारी तिने कापडी पिशवीतून एक चौकटींची घडीची चटई काढली, चित्रविचित्र फासे काढले, आणि उशीएवढं जाड एक इंग्रजी पुस्तक काढलं. "काका, या खेळाला माणसं कमी पडतायत. तुम्ही दोघं बसा ना," म्हणाली.

मी म्हटलं, मला विम्याच्या एका पार्टीला भेटायचंय. रविवारीच तर लोक घरी सापडतात.

"बाबा, खेळशील?" मुलगी दारात उभी राहून म्हणाली.

कित्येक महिन्यांत तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. तिने मला दोरीवर चालायला सांगितलं असतं तरी मी पायातले मोजे काढले असते. पार्टीला फोन करून सांगितलं की पाहुणे आलेत.

खेळ असा होता. एकजण गोष्ट सांगणार, तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, योद्धा, जादूगार असलं काहीतरी, आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलायचं. ते जमेल की नाही अशी शंका असली तर फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. "बस, एवढंच," मैत्रीण म्हणाली आणि ते जाड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मी चाळून पाहिलं. पहिल्या पानापासून सगळं डोक्यावरून गेलं. विम्याच्या पॉलिसीतला बारीक मजकूर मी कोळून प्यायलेला माणूस, पण इथे मला आपण काय होऊ शकतो हेच कळेना.

शेवटी मैत्रिणीनेच मला एक कागद दिला, त्यावर माझ्या पात्राची माहिती भरायची होती. फॉर्म म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. वय, उंची, व्यवसाय सगळं भराभर लिहिलं आणि विचारलं, "वारसाचं नाव कुठे लिहायचं?"

"काका, वारस नसतो यात."

"मग मी मेलो तर?"

"मेलात तर नवा कागद घ्यायचा."

असल्या धंद्यात मी एक दिवस टिकलो नसतो. तर मी झालो योद्धा, कारण त्याला डोकं कमी लागतं असं दोघी म्हणाल्या. बायको बालवाडीत शिकवते. जखमांवर मंत्र टाकणारी वैद्यीण हवी होती, ती झाली. आणि मुलगी म्हणाली, "मी चोर."

"चोर कशाला?" मी म्हणालो. "आपल्यात कोणी चोर नाही."

"अहो, खेळात," बायको म्हणाली. पण तिलाही ते फारसं रुचलं नव्हतं, मला तिच्या तोंडावरून कळतं. मुलगी म्हणाली, चोर कुलपं उघडते, सावलीतून जाते, कोणाला दिसत नाही.

मैत्रिणीने आवाज जरा खाली आणला. "काका, तुमच्यासमोर एक पूल आहे. पुलावर राक्षस उभा आहे, हातात कुऱ्हाड. तुम्ही काय करताय?"

"काय काय करता येतं?"

"काहीही."

"म्हणजे पर्याय काय आहेत?"

"पर्याय नाहीत काका. काहीही करा."

मी बायकोकडे बघितलं, ती चटईकडे बघत होती. मला खरोखर घाम फुटला. आजवर मला कोणी 'काहीही कर' असं म्हटलेलं नव्हतं. प्रत्येक कामाला एक खिडकी असते, खिडकीमागे एक माणूस असतो आणि त्या माणसाला एक गाव असतं. तिघी वाट बघत होत्या. पंखा चालू होता. मला मुलीसमोर असं बसायची लाज वाटायला लागली, आणि तोंडातून तेच निघालं जे नेहमी निघतं.

"मी त्याला नमस्कार करतो," मी म्हणालो, "आणि विचारतो, मूळ गाव कुठलं आपलं?"

मग मुलीच्या नाकातून एक आवाज आला आणि ती हसायला लागली. पोट धरून, लहानपणी हसायची तशी. बायको तिच्याकडे बघत राहिली. मैत्रिणीने वीस बाजूंचा फासा माझ्या हातात दिला. मी टाकला, एकोणीस पडले.

ती पोरगी प्रामाणिक. आकडा मोठा पडला म्हणजे राक्षसाला गाव असायलाच हवं. तिने विचार करून सांगितलं की त्याचं गाव डोंगरापलीकडे आहे, पाणी आटलं म्हणून सोडलं. मी विचारलं, भाऊबंद कुठे असतात, घरचं कसं चाललंय, इथे नोकरी पक्की आहे का. थोड्या वेळाने राक्षसाने कुऱ्हाड खाली ठेवली, आम्हाला ताक पाजलं आणि पूल ओलांडू दिला. मी जग जिंकल्यासारखा बसलो होतो. रात्री जेवतानासुद्धा मी तोच विषय काढत होतो.

त्यानंतर दर रविवारी मी ओळख काढत सुटलो. बुटक्या भुतांची काढली, एका बोलणाऱ्या दरवाजाची काढली, थडग्यातून उठलेल्या राजाला मी त्याच्या मामाच्या घरचं विचारलं. फासा कधी साथ द्यायचा, कधी राजा माझ्या डोक्यात गदा घालायचा. पण मुलगी हसायची, म्हणून मी जास्तच करायचो. बायकोही काही कमी नव्हती. प्रत्येक गुहेच्या तोंडाशी ती म्हणायची, "मी आधी सगळ्यांच्या हातावर दही घालते."

"काकू, दही कुठून आलं?"

"विरजण घेऊनच निघालेय मी घरातून."

एवढं सगळं चाललं होतं, पण चोराला काम नव्हतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. कुलूप लागलं की मी म्हणायचो, थांब, मी लाथ मारून बघतो. अंधारा बोळ आला की मी पुढे. तिला कुठे खरचटलं तरी बायको मंत्र टाकून मोकळी. "काकू, मंत्र दिवसातून दोनदाच आहे," मैत्रीण सांगायची. "असू दे, बोटाला लागलंय तिच्या." मग माझ्या खांद्यात कुऱ्हाड बसायची तेव्हा मंत्र शिल्लक नसायचा. "तुम्ही धडधाकट आहात," बायको म्हणायची. आमची पाळी आली की आम्ही मुलीचीही पाळी खाऊन टाकायचो, आणि ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसून राहायची.

मैत्रिणीने एकदा मला सुचवूनही पाहिलं. "काका, प्रत्येक वेळी काहीतरी केलंच पाहिजे असं नाही. काही न करणं हीपण चाल असते. 'मी थांबतो' म्हणायचं. त्याला फासापण टाकावा लागत नाही."

"मी जन्मात थांबलो नाही," मी म्हणालो. "थांबलो असतो तर या कॉलनीत कोणाचं लग्न झालं नसतं."

त्या दिवसांत संध्याकाळी ती आईबरोबर गेटपर्यंत जायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, गेटला हात लावायचा आणि परत यायचं. कधी बाहेरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत मजल जायची. मला त्या फेरीत घेत नसत, कारण मी एकदा वॉचमनला सांगून ठेवलं होतं, ताईवर लक्ष ठेव. इस्त्रीवाल्याला सांगितलं होतं, ती आली की जरा हसून बोल. त्यामुळे ती खाली उतरली की सगळे तिच्याकडे बघून हसायचे. "बाबा, प्लीज," ती एवढंच म्हणाली. मला मनातून फार लागलं. मी तिच्यासाठी दुसरं काय करू शकत होतो?

मग तो उन्हाळ्यातला रविवार आला. बायकोने कैरीचं पन्हं केलं होतं, ग्लास चटईच्या कडेला ठेवलेले. गोष्टीत आम्ही एका दरीपाशी पोचलो होतो. दरीवर दोरांचा जुना पूल, पलीकडे गुहेत एक दिवा, जो आम्ही इतके रविवार शोधत होतो. माझं पात्र मागे एका सापळ्यात अडकलं होतं म्हणून चोराला पुढे जायला मिळालं. ती पूल ओलांडून गेली आणि मागे पूल तुटला.

"तू पलीकडे एकटी आहेस," मैत्रीण म्हणाली. "दिव्याभोवती मोठा नाग वेटोळं घालून बसलाय. झोपलाय. काय करतेस?"

"मी मागून ओरडतो, हात लावू नकोस म्हणून," मी म्हणालो.

"खाली धबधबा आहे काका, आवाज पोचत नाही."

"मग दोर टाकतो."

"पुरत नाही."

"बरं, तो नाग कुठला आहे, त्याला—"

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तिथे नाही आहात."

नुसत्या चटईवरच्या चौकटी होत्या, पुठ्ठ्याचा नाग होता, आणि माझे तळहात ओले झाले होते.

"मी दिवा उचलते," मुलगी म्हणाली.

"अगं नको," बायको म्हणाली, "तिथेच बस, आम्ही येतो काहीतरी करून."

"आई, माझी पाळी आहे."

तिने फासा टाकला. तो घरंगळत जाऊन पन्ह्याच्या ग्लासाला लागला आणि थांबला. दोन. मैत्रिणीने स्वतःचा फासा टाकला, आकडा पाहिला आणि पुठ्ठ्याचा नाग पुढे सरकवला. नाग डसला होता. नियम असा की पात्र मरणाच्या दारात असलं की आणखी फासे टाकायचे, जगलं तर जगलं. मुलीने टाकले. एकामागून एक सगळे कमी पडले.

"तो पहिला धरायचा नाही!" मी ओरडलो. "ग्लासाला लागला तो. परत टाक."

मैत्रिणीने मुलीकडे पाहिलं. तिने परत टाकू दिला असता, पोरगी मायाळू आहे. पण मुलगी म्हणाली, "नाही. पडला तो पडला."

"अगं लागला ना ग्लासाला! आणि तू गं," मी मैत्रिणीकडे वळलो, "पोरीला मारायला येतेस का आमच्या घरी?"

बोललो आणि बायकोने माझा हात धरला. मैत्रिणीचा चेहरा एवढासा झाला. "सॉरी काका," ती पुटपुटली. त्या क्षणी मला ती नको होती, तिचा तो खेळ नको होता, गुहा नको होती. मला फक्त तो फासा परत हवा होता.

"बाबा!" मुलीने आवाज चढवला. कित्येक महिन्यांत तिचा आवाज चढला नव्हता. "ती मेली. मी नाही मेलेय. इतके दिवस ती नुसती तुझ्या मागे उभी होती रे. आज पहिल्यांदा तिने काहीतरी केलं. ते तरी तिचं राहू दे ना."

मी उठलो आणि पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. माठापाशी उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही कोणावर काढावं ते कळत नव्हतं. बाहेरून त्यांचे आवाज येत होते. फासे खुळखुळले. बायको विचारत होती, "मग आता कोण होणार तू?" मुलगी म्हणाली, "माहीत नाही अजून. बघू." आणि तिघी कशावरून तरी हसल्या. मी तिथे नसताना.

मी पन्ह्याचा जग भरून बाहेर आणला. मैत्रिणीची माफी मागायची होती, पण मला ते सरळ जमत नाही. तिचा ग्लास भरला आणि म्हटलं, "बाळा, तुमचं मूळ गाव कुठलं गं?"

"कोपरच काका. आम्ही कुठून आलो नाही, तिथलेच. पणजोबा मिठागरात होते, भातशेती होती. आता तिकडे टॉवर झालेत." मग गालात हसून म्हणाली, "राक्षसाला विचारता तसंच विचारताय."

एवढ्या वर्षांत मला कोपरला एकही ओळख काढता आली नव्हती, आणि तिच्याकडूनही काही धागा सापडला नाही.

पुढच्या आठवड्यात मैत्रिणीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिला रविवारी घर सोडता येणार नव्हतं. तिच्या कॉलेजची दोघंजणं खेळायला तिच्याकडेच येणार होती. हे आम्हाला मुलीने आमटी वाढून घेताना सांगितलं, आणि त्याच सुरात म्हणाली, "मीपण जाणारेय. एकटी."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मी म्हटलं, स्कूटरवर सोडतो. नको. मग स्टेशनपर्यंत? नको बाबा. मी त्याच गाडीत दुसऱ्या डब्यात बसतो, तुला दिसणारसुद्धा नाही. यावर तिने माझ्याकडे अशी दया आल्यासारखी नजर टाकली की मी विषय सोडला. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तिला जाऊन बघू दे, कदाचित अर्ध्यातून परत येईल, तरी चालेल. चालेल म्हणजे काय? माझी पोरगी कुठल्या तरी जिन्यावर श्वास अडकून बसली तर ते कोणाला चालेल? बायकोला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" ती चादरीची घडी घालत होती. "वाटते ना," म्हणाली आणि घडी घालत राहिली.

रविवारी मुलीने चहा घेतला, मैत्रिणीने तिला देऊन ठेवलेला एक फासा बॅगच्या छोट्या कप्प्यात टाकला, चपला घातल्या. बायकोने तिच्या हातावर दही घातलं. ती ते चाटून म्हणाली, "येते."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती खाली दिसली. गेटपाशी गेली आणि थांबली. गजाला हात लावून उभी. वॉचमन खुर्चीतून उठायला लागला, मी वरून हातवारे करून त्याला बस म्हणून सांगत होतो, तो माझ्याकडे बघतच नव्हता. ती उभीच होती. बहुतेक रोज इथूनच ती मागे फिरायची. मग तिने खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला, आणि गेट ढकलून बाहेर गेली. शेजारच्या इमारतीआड गेल्यावर मला दिसेनाशी झाली.

मी फोन काढला.

रिक्षा स्टँडवरच्या माझ्या माणसाने सांगितलं, "हो भाऊ, बसली की आत्ता. स्टेशनला गेली." मी डोळे मिटले. मग बरोबर हिशेब करून स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला लावला. तो म्हणाला, "दिसली ना भाऊ. जिन्याजवळ उभी होती."

"उभी म्हणजे कशी?"

"उभी म्हणजे उभीच. गिऱ्हाईक आहे भाऊ, ठेवू?"

थोड्या वेळाने पुन्हा लावला. "आता नाय दिसत," म्हणाला.

जिना चढून गेली, की माघारी फिरली, की कुठे भिंतीला टेकून बसली? चहावाल्याला जिना वरपर्यंत दिसत नाही. मी फोनमधली नावं वरून खाली, खालून वर फिरवली. पार घाटावरपर्यंत माझी माणसं होती, पण त्या जिन्यावर, त्या गाडीत, कोपरच्या फलाटावर माझं कोणीही नव्हतं. माझी ओळख चहाच्या टपरीपाशी संपली होती. मग मी तिचा नंबर काढला आणि त्यावर अंगठा धरून उभा राहिलो. लावला आणि ती गर्दीत धापा टाकत असली तर? नाही लावला आणि तिला हवा असला तर?

बायको आत टेबलापाशी बसली होती. चटई आणि बाकीचे फासे मैत्रीण घेऊन गेली होती, टेबल रिकामं होतं. तिने माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"अहो."

"काय?"

"काका," ती हुबेहूब त्या मैत्रिणीच्या सुरात म्हणाली, पण तिचा आवाज जागेवर नव्हता, "तुम्ही काय करताय?"

मी खाली गेटकडे बघितलं. वॉचमन पुन्हा खुर्चीत बसला होता.

"मी थांबतो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि शेजारची खुर्ची पायाने बाहेर सरकवली. मी फोन उलटा ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.